सोनवणेबाईंचे पंधरा दिवस

या जूनमध्ये पहिलीचा वर्ग माझ्याकडे आला. हेडसरांनी कागद पुढे सरकवला, मी सही केली, आणि सही करता करताच वाटलं, सोनवणेबाईंना एक फोन करावा. पहिल्या दिवशी नेमकं करायचं काय, ते विचारावं. मग लक्षात आलं, नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खोलीत दुसरीचा वर्ग घेतला, पण हा प्रश्न त्यांना एकदाही विचारला नाही. नुसतं ऐकत राहिले. मध्ये भिंत होती, पण वरचे पत्रे दोन्ही खोल्यांना मिळून एकच. त्यांच्या वर्गात कुणी शिंकलं तरी मला कळायचं.

आमची शाळा पारोळ्याहून एरंडोलला जाताना आत फुटणाऱ्या रस्त्यावर आहे. चार खोल्या, एक हातपंप, चारी बाजूंनी कपाशी. बाई अमळनेरहून यायच्या. एक एसटी पारोळ्यापर्यंत, तिथून दुसरी फाट्यापर्यंत, आणि फाट्यापासून पुढे पायी. बुटक्या, अंगाने रुंद. सुती पातळ, खांद्यावर पक्की खोचलेली पिन, पायात पुरुषी कापडी बूट. पिंढऱ्यांवर निळ्या शिरा गाठी गाठी होऊन वर आल्या होत्या, म्हणून ते बूट. फाटकाशी आल्या की फाटकाला धरून एक मिनिट उभ्या राहायच्या आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणायच्या, "पोहोचले बाई एकदाची."

शाळेला पोहोचणं म्हणजे मोठं काम उरकलं, आता कुठेतरी टेकावं, असा तो सूर असायचा. मला सुरुवातीला तो आवडायचा नाही. मी धुळ्याची, नवी नेमणूक, डी.एड.ला चांगले मार्क. शिक्षक कसा हसतमुख हवा, वर्गात शिरताना चैतन्य हवं, असं आम्हाला शिकवलेलं. आणि इथे पहिलीच्या बाई लेकरांसमोर उघड जांभई देत होत्या. त्यांचं बघून लेकरंही द्यायची. पत्र्याखाली एकामागून एक पंचवीस जांभया.

शाळेच्या पहिल्या दिवशी वरून आदेश असतो. मुलांचं स्वागत करायचं, फुगे लावायचे, फुलं द्यायची, बैलगाडीतून मिरवणूक काढायची, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. हेडसर, म्हणजे आमचे देवरे सर, हे सगळं फार मनापासून करत. माणूस भला, पण फोटोचा धाक मोठा. पहिल्या वर्षी मी पाहिलं, फुगा फुटला आणि तीन पोरं एकदम भोकाड पसरून रडायला लागली. एकाला बघून दुसरं, दुसऱ्याला बघून तिसरं. गुलाबाची फुलं पायाखाली. आया दाराशी, आत यावं की निघावं या घोळात. सर ओरडताहेत, "हसा रे, हसा, इकडे बघा!"

सोनवणेबाईंनी फोटोपुरतं फूल हातात धरलं. फोटो झाला तसं ते खिडकीत ठेवलं, वर्गात जाऊन भिंतीला पाठ लावून खाली जमिनीवर बसल्या आणि एक पाय लांब केला. गुडघा वाकत नसे. टेबलखुर्ची होती, पण पहिल्या पंधरा दिवसांत त्या खुर्चीवर बसल्याचं मला आठवत नाही. जवळच एक पोरगं हमसून हमसून रडत होतं. त्याला जवळ ओढलं नाही, चॉकलेट दाखवलं नाही. म्हणाल्या, "रड बा. आठे रडाले मनाई नही."

ते आणखी रडलं. थोड्या वेळाने आवाज बसला तेव्हा बाई म्हणाल्या, "थकना का? पानी पी. मंग परत रड."

पोरगं पाणी प्यायलं. पुन्हा रडायचं राहूनच गेलं.

बाई अहिराणीतच बोलत. आमच्याशी स्टाफरूममध्ये साधारण शुद्धच. पण पहिले पंधरा दिवस वर्गात पुस्तकी मराठीचा एक शब्द नाही. आमच्या गावची लेकरं सहा वर्षांची होईपर्यंत 'आहे' हा शब्द फक्त टीव्हीत ऐकतात. शाळेत आल्यावर कुणी विचारलं, "तुझं नाव काय आहे?" की ती गप्प होतात, आणि मास्तर लिहून ठेवतात, मूल बोलत नाही. बाई नाव विचारतच नसत. त्या विचारत, "तुना घर मा कोन कोन शे?" की मग बकरी, बोका, शेजारची आजी, सगळं बाहेर यायचं आणि त्यात कुठेतरी नावही यायचं.

त्यांची हजेरी मात्र जगावेगळी होती. हजेरीपट उघडायच्याच नाहीत. भिंतीला टेकून डोळे अर्धे मिटून विचारायच्या, "आज कोन उनं नही?"

पहिल्या दिवशी कुणालाच सांगता यायचं नाही. कोण आलं नाही हे कळायला आधी कोण कोण असतं ते माहीत पाहिजे ना. लेकरं नुसती इकडेतिकडे बघायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणी म्हणायचं, "ते गोरं पोऱ्या नही." बाई विचारायच्या, "त्याले नाव नही का?" मग नाव शोधायचं. मग तो राहतो कुठे, आला का नाही, कुणाच्या घरावरून त्याचं घर लागतं. या हजेरीला अर्धा तास लागायचा, कधी पाऊण. त्यात भांडणं व्हायची, चारजण एकदम बोलायचे. आणि जागा रोज बदललेली. काल जोडीला बसला तो आज नाही. वस्तीची पोरं वस्तीजवळ, वरच्या आळीची वरच्या आळीजवळ, असं बसायला घरून शिकवून पाठवलेलं असतं. ते कुणी मोठ्याने म्हणत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

एक आई आली होती एकदा. चांगल्या घरची, हातात मोबाईल. "बाई, मन्ही पोरले तिना जोडे नका बसाडा."

कुणाच्या, ते बाईंनी विचारलं नाही. "बरं," म्हणाल्या. "उद्या जागा बदलतेच. परवा परत बदलीन. तुम्ही असं करा, आठ दिवसांनी या, तेव्हा सांगा कोणाजवळ नको ते."

आठ दिवसांनी ती आली, तर तिची मुलगी 'तिच्या' गळ्यात हात टाकून हातपंपावर उभी. बाई त्या आईशी भांडल्या नाहीत, समतेवर बोलल्या नाहीत. बाई कुणाशी भांडत नसत. समोरच्याला थकवत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. पहिलीची उजळणी कुठवर आली, असं सरांनी विचारलं की म्हणायच्या, "पंधरा दिवस मला द्या. मग सगळं वर्ष तुमचं." सर कपाळाला हात लावायचे. तोवर माझ्या दुसरीच्या पोरांचे पाढे चालू झालेले असायचे आणि भिंतीपलीकडून नुसता गलका. पहिल्या वर्षी मी सरांकडे जाऊन तक्रार केली. सरळ शब्दांत सांगितलं, की शेजारच्या वर्गात काही शिकवलं जात नाही आणि माझ्या वर्गाला त्रास होतो. सरांनी काय केलं मला कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या वर्गाच्या माझ्याकडच्या दोन्ही खिडक्या बंद. जूनचा उकाडा, वर तापलेला पत्रा, आणि खिडक्या बंद. दोन वर्षं त्या बंदच होत्या. त्या का बंद आहेत, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, तेही शिपायाकडून. बाईंनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. माझ्या डब्यात रोज खोबऱ्याची चटणी आहे का तेवढं विचारायच्या.

मी जाऊन दोन्ही खिडक्या उघडल्या. त्या म्हणाल्या, "बरं केलं. मले वाटलं गंजल्या."

आबांचा किस्सा त्याच्या पुढच्या वर्षीचा. हितेश नावाचा एक मुलगा होता, आजोबांशिवाय शाळेत पाऊल टाकेना. आजोबा म्हणजे सत्तरीचे, पांढरी टोपी, धोतर, हातात काठी. त्यांनी पोराला आत ढकलायचं, पोराने त्यांच्या धोतराला लोंबकळायचं, असं दोन दिवस चाललं. सर म्हणाले, "आबा, तुम्ही सोडा आणि मागे न बघता निघून जा. दोन दिवस रडेल, मग सवय होते." सगळीकडे असंच करतात. मीही तेच म्हटलं असतं.

बाईंनी आतूनच हाक मारली. "आबा, काठी बाहेर ठेवा नि मजार या." आत या म्हणे.

आबा आत आले. भिंतीपाशी बसले. हितेश त्यांच्या मांडीला चिकटून. तासाभराने आबा निघायला उठू लागले, म्हणाले, "बाई, मी जास आते. ढोरंसले पानी दाखाडनं शे."

"बसा आबा. तुम्ही बी आते पहिलीमाच शेतस."

आबा पहिलीत नऊ दिवस होते. खरंच सांगते. सकाळी नातवाबरोबर यायचे, दुपारची खिचडी खायचे, सगळ्यांबरोबर ताट धुवायचे. जागा बदलायची तर आबांचीही जागा बदलायची. आज या पोरीच्या जोडीला, उद्या त्या पोराच्या. हितेशला आबा हवे असत, आबा जिथे बसतील तिथे त्याला जावं लागे, आणि तिथे शेजारी रोज नवं लेकरू असे. पाचव्या दिवशी आबांना उशीर झाला, तर "आज कोन उनं नही?" या प्रश्नावर सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "आबा!" मला माझ्या खोलीत हसू आवरेना.

दहाव्या दिवशी हितेशने फाटकातच हात सोडवून घेतला. "आबा, तू घर जाय. माले काम शे."

म्हाताऱ्याचं तोंड असं पडलं! फाटकात कितीतरी वेळ उभे. बाई बाहेर आल्या, त्यांच्या शेजारी फाटकाला धरून उभ्या राहिल्या. मग आबांनी काठी घेतली आणि गेले. पुढे वर्षभर दर शनिवारी ते शाळेच्या समोरून विनाकारण जायचे आणि आत हात करायचे.

आता जे सांगायचं आहे ते मला नीट सांगता येईल का, माहीत नाही. त्यात मी आहे.

बाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. शाळा सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी आदेश आला, पहिलीच्या शिक्षकांसाठी जळगावला दहा दिवसांचं प्रशिक्षण. विषय, नव्या मुलांचं वर्गात स्वागत कसं करावं. बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि डोळे चोळले. "मुलांना सोडून तिथे जायचं आणि मुलांचं स्वागत कसं करायचं ते शिकायचं," एवढंच म्हणाल्या. सरांना म्हणाल्या, पंधरा दिवसांनी पाठवा. सर म्हणाले, आदेश आहे, माझ्या हातात नाही. बाई गेल्या.

पहिली आणि दुसरी एकत्र माझ्या खोलीत. मी माझ्या परीने नेटानं केलं. हजेरीपट उघडून नावं घ्यायची, पहिलीला एका बाजूला चित्रं रंगवायला द्यायची, दुसरीला फळ्यावर. रांगा सरळ. कुणी जागा बदलायची नाही, गोंधळ नको. पहिलीची पोरं आपापल्या आळीप्रमाणे बसली, मी बसू दिली. सर येऊन म्हणाले, "मॅडम, किती शांत वर्ग!" मला बरं वाटलं. खोटं का सांगू.

बाई परत आल्या. पाय सुजलेले, जळगावच्या हॉलमधल्या खुर्च्यांमुळे म्हणाल्या. खाली बसल्या, पाय लांब केला, विचारलं, "आज कोन उनं नही?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मुकाट माझ्याकडे पाहिलं, मी हजेरी घेईन म्हणून.

मी पट बघून तीन नावं सांगितली. बाई म्हणाल्या, "आणि ती? पहिल्या दिवशी दाराशी बसली होती ती. लाल फ्रॉक. सालदाराची पोर."

मी म्हटलं, "कोण?"

मला खरंच आठवेना. नंतर आठवलं. सुमली. आईबाप सातपुड्याकडचे, पावरा. कपाशीच्या शेतावर राखणीला वर्षाच्या बोलीने राहिलेले. तिचा दाखला यायचा होता, आधारकार्ड नव्हतं, म्हणून पटावर नाव चढलं नव्हतं. पटावर नाव नाही म्हणून मी रोज ते घेतलं नाही. अहिराणीही तिला येत नव्हती, पावरी बोलायची. दाराशी बसायची. तीन-चार दिवस असेल. मग ती यायची बंद झाली, आणि बंद झाली हे मला कळलं नाही. चौदा नव्या लेकरांपैकी एकालाही कळलं नाही. बाईंनी प्रत्येकाला विचारलं. एक मुलगी म्हणाली, "ती का? तिनं नाव काय शे?"

बाई माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चिडल्या नाहीत. "शाळा सुटली की येतीस का माझ्याबरोबर?" एवढंच विचारलं. त्या दिवसापर्यंत मला मॅडम म्हणायच्या.

आम्ही बांधाबांधाने गेलो. बाईंना ते बूट घालून ढेकळांतून चालवत नव्हतं, दर दोन वाफ्यांना थांबत होत्या. विहिरीजवळ झोपडं होतं. रिकामं. चूल गार, दोरीवर काही नाही. शेतमालक मोटरपाशी भेटला. म्हणाला, गेले ते, पाच-सहा दिवस झाले. "पोरगी शाळेत जात नाही म्हणे, रडते. इथे करमेना त्यांना. चोपड्याकडे केळीच्या कामाला जाणार होते, नेमकं गाव नाही सांगितलं."

बाई विहिरीच्या काठाला टेकल्या. पदराने तोंड पुसलं. मी म्हटलं, "बाई, चूक माझी झाली."

त्या म्हणाल्या, "ती शाळेत येऊन गेली आणि कुणाला तिचं नाव कळलं नाही. इतकंच गं. बाकी काही नाही." थोड्या वेळाने, उठताना, "धर मला."

त्यांनी चोपड्याच्या शाळांमध्ये फोन केले. ओळखीच्या शिक्षकांना सांगून ठेवलं. दोन रविवार स्वतः गेल्या, एसटीने, त्या पायांनी. केळीच्या बागांमधून विचारत फिरल्या. सुमली सापडली नाही. त्या वर्षीचा तो वर्ग पुढे माझ्याकडे दुसरीत आला. वाचायला यायचं, बेरजा यायच्या. पण एकाला ताप आला तर दुसऱ्याला माहीत नसायचं. बाई एकदा जेवताना म्हणाल्या, "ती पोरं तुला ओळखतात, मला ओळखतात. एकमेकांना ओळखत नाहीत." मी घास तसाच खाली ठेवला. मला टोचायला म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. टोचलं ते टोचलंच.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा तोच आदेश आला. बाईंनी एका साध्या कागदावर लिहून दिलं. अक्षर वळणदार, शाई निळी. 'पहिले पंधरा दिवस मी वर्ग सोडू शकत नाही. सोळाव्या दिवशी जिथे पाठवाल तिथे जाईन.' सर तो कागद हातात घेऊन स्टाफरूममध्ये फेऱ्या मारत होते. "बाई, दोन वर्षं राहिली तुमची. कशाला ओढवून घेता?"

"सर, माझ्यात भांडायचं बळ नाही," बाई म्हणाल्या. "नाही जात, एवढंच."

कारणे दाखवा नोटीस आली. मग बाराव्या दिवशी तालुक्याचे शिक्षणाधिकारी साहेब स्वतः आले, गाडीतून. हेडसरांचा शर्ट घामाने ओला. साहेब पहिलीच्या वर्गात गेले, मी दारात उभी. साहेबांनी वह्या मागितल्या. वह्या कोऱ्या. एका मुलीला फळ्यावर 'क' काढायला सांगितला, तिने फूल काढलं.

"बाई, बारा दिवसांत काय शिकवलं?"

बाई भिंतीला धरून उठू लागल्या. त्यांना उठायला वेळ लागायचा. तोवर साहेबांनी पटावर बोट फिरवलं. "सतरा पटावर, चौदा हजर. तीन कोण गैरहजर?"

बाई उठायच्या आत पोरांनी सांगायला सुरुवात केली. सगळीच एकदम. "गायत्री उनी नही साहेब, तिना कान दुखस!" "नही, काल दुखे, आज ती मामाना गाव गयी!" "यश ना घर बकरी येनी, दोन पिल्ले!" "नि भुऱ्या कपडा धुवाई गयात म्हनीसन नही उना, वल्ला शेतस!" कुणीतरी साहेबांचा हात ओढून खिडकीतून भुऱ्याचं घर दाखवायला लागलं. ते तिथून दिसत होतं, आणि दोरीवर खरंच एक ओली चड्डी वाळत होती.

साहेब ऐकत होते. मला वाटलं, आता हसतील. क्षणभर त्यांच्या तोंडावर तसं काही आलंही. मग त्यांनी वहीत लिहिलं आणि सरांना म्हणाले, "भाषेकडे लक्ष द्या. प्रमाण मराठी हवी." बाईंना म्हणाले, "तुमचं म्हणणं लेखी द्या."

"दिलंय," बाई म्हणाल्या.

महिन्याभरात सेवापुस्तकात ठपक्याची नोंद झाली. एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिली. सरांनी वाईट वाटून चहा मागवला. बाईंनी सही केली, चहा प्यायला, बशी पालथी घातली आणि वर्गात गेल्या. भुऱ्या दुसऱ्याच दिवशी आला होता. आईने ओलेच कपडे घालून पाठवला, कारण संध्याकाळी पाच पोरं त्याच्या दारात जाऊन उभी राहिली होती.

निरोपसमारंभ साधाच झाला. शाल, नारळ, सरांचं लांब भाषण. बाईंना बोलायला सांगितलं तर त्या उठल्या, समोर बसलेल्या पोरांकडे बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "मले आते बसू द्या." लोक हसले. त्या खरंच बसल्या.

त्यानंतर त्या भेटल्या नाहीत. दोन-तीनदा फोन झाला, जुजबी. एक गोष्ट मला कायम वाटायची, की या बाई इतक्या दमलेल्या कशाने असतात? दोन एसट्यांनी माणूस दमतो, पायांच्या शिरांनी दमतो, पण हे त्याच्याहून जुनं काहीतरी होतं. घरचं त्या काही बोलत नसत. आम्हीही कुणी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

गेल्या दिवाळीत मी माहेरी धुळ्याला होते. आईचा चष्मा करायचा म्हणून दवाखान्यात नेलं होतं. बाहेरच्या बाकावर गर्दी. पलीकडच्या टोकाला सोनवणेबाई बसलेल्या. केस पार पांढरे झालेले, बूट तेच. शेजारी एक फार म्हातारी बाई, नव्वदीची असेल, नऊवारी, हात मांडीवर ठेवून. मी उठणार, तेवढ्यात म्हातारीने बाईंकडे वळून विचारलं, "तू कोन शे व?"

"मी विमल. तुमनी सून."

"हां. नि आपन कोठे उनूत?"

"धुळाले. डोळा दाखाडाले."

"मंग घर कोन शे?"

"घर तुमना पोऱ्या शे. वाट देखी राह्यना."

म्हातारी समाधानाने मान हलवून पुढे बघू लागली. पंख्याचे पाच-सात फेरे झाले असतील. पुन्हा वळली. "तू कोन शे व?"

"मी विमल. तुमनी सून."

तोच आवाज. ना चढलेला, ना लाडावलेला. मी भिंतीपलीकडून नऊ वर्षं ऐकलेला. मला किती वेळा ऐकू आलं ते मोजलं नाही. पुढे एकदा त्यांच्याच गावच्या एका शिक्षिकेने सांगितलं, की सासूबाईंचं हे बारा-तेरा वर्षांपासून चालू आहे. म्हणजे मी शाळेत लागले त्याच्याही आधीपासून. म्हणजे रोज सकाळी घरातून निघण्याआधी हे सगळं एकदा सांगून झालेलं असायचं.

आईचा नंबर पुकारला. तिला आत धरून न्यावं लागलं. परत आले तर बाक रिकामा होता. मी पळत बाहेर आले. त्या दोघी रस्ता ओलांडत होत्या. बाईंनी सासूचा हात धरलेला, पावलं एवढी एवढीशी. रस्त्याच्या मधोमध म्हातारी थांबली, वर बघून काहीतरी विचारलं. मागून एक रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न देत होता. बाईंनी त्याला हाताने थांब म्हणून खूण केली, सासूकडे तोंड वळवलं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या.